"ह्याच्यात किल्लारी कुठंय?"

रात्रीचे अकरा. दादा झोपलाय. आत्या पत्र्याच्या खोलीत, नेहमीसारखी.

दुपारचं डोक्यातून जात नाहीये. लॅपटॉपवर पृथ्वीच्या पोटाचं मॉडेल चालू होतं. कवचाखालचं, २९०० किलोमीटर खोलीपर्यंतचं प्रावरण, तापलेला खडक वर येतोय, कवचाची थंड प्लेट खाली बुडतेय. तांबडं, निळं. आत्या जवळ येऊन बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्याच्यात किल्लारी कुठंय गं माय?"

मला बोट ठेवता आलं नाही. माझ्या मॉडेलच्या जाळीतला एक चौकोन २५ किलोमीटरचा. किल्लारी त्यात, जवळचं सास्तूरही त्यातच. काळाचं एक पाऊल काही हजार वर्षांचं. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून दमून झोपलेली माणसं. दोन पावलांच्या मधे हे सगळं कुठल्या कुठे जातं.

"यात दिसत नाही," म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि उठली.

त्या "बरं"पाशीच अडकलेय मी. शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहिलं होतं, भूकंपामुळे या विषयाकडे वळले. खरंच होतं ते. मग इतकी वर्षं कशात गेली? आईच्या वेळेला पोचले नाही. ते राहू दे.

मॉडेल खोटं नाही. आपली प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकत हिमालयाला रेटते, त्याचा ताण इथपर्यंत येतो. प्लेटच्या मधोमध, जिथं सगळे निर्धास्त होते, तिथंही. किल्लारीला नंतर बोअर घेतलं तर ३३८ मीटरवर आपला काळा दगड संपला आणि त्याखाली फार फार जुना खडक लागला. तिथली कुठली भेग कधी सुटेल, हे माझ्या गणितातून निघत नाही. आत्याला तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी दादा माळवदाची भिंत दाखवत होता. डागडुजी करून पोरांना तिथं झोपवायचा विचार आहे. मी एक गोटा हातानं हलवला, तो निघूनच आला. मागं नुसती माती, भुरभुर खाली सांडली. भिंत दोन हात जाड, पण आतली फळी वेगळी, बाहेरची वेगळी. दोन्हींना धरणारा आरपार दगड एकही नाही. वर मातीचं एवढं ओझं. दादाला म्हटलं, इथं कुणाला झोपवू नकोस. हे सांगायला मॉडेल लागत नाही, पण सांगताना माझा आवाज ठाम होता. दुपारी नव्हता.

आत्या मागं उभी होती. म्हणाली, "तवा हेच दगड उपसायलो होतो आम्ही."

पोरांच्या गाद्या आम्ही दोघींनी पत्र्याखाली नेल्या. चादर झटकताना तिनं विचारलंच, "पुन्हा होईल का गं?"

"मला माहीत नाही, आत्या."

तिनं उशी माझ्याकडे सरकवली.