बुधवार रात्रीच्या बादल्या

पुण्यात गुरुवारी पाणी बंद अशी बातमी आली की आमच्याकडे बुधवारी रात्रीच भराभरी सुरू होते, बादल्या, टब, पिंप, पातेली, मागच्या वेळी तर आईने कुकरही भरून ठेवलेला. शुक्रवारी नळ आला की हेच पाणी शिळं म्हणून झाडांना. इतकी वर्षं हे चाललंय की त्यात धोका बिका असेल असं कधी डोक्यातच आलं नाही.

मग लेक धरून उभी राहायला लागली. मी आपलं सगळं मनापासून केलेलं, सॉकेटना कव्हर, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर (ते तिने दुसऱ्याच दिवशी उपटून चघळलं), फिनेल नि डांबरगोळ्या माळ्यावर, आणि वजनकाट्यातला तो रुपयाएवढा चपटा सेल वर टेप मारून बंद, कारण तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं हे वाचल्यापासून माझी झोपच उडालेली.

आणि एका बुधवारी बघतो तर बाई बाथरूममध्ये, बादलीचा काठ धरून चवड्यांवर उभी, आत वाकून पाण्यावर फटाफट हात मारतेय, स्वतःवर जाम खूश. मी कसा धावलो ते आठवत नाही. एवढ्याशा पोरांचं डोकं अंगाच्या मानाने जड, तोल गेला की सरळ डोक्यावर आत, भरलेली बादली कलंडतही नाही. बुडायला दोन इंच पाणीसुद्धा पुरतं म्हणे, आणि आवाज येत नाही.

आई म्हणाली, "अरे तू वाड्यात हौदाशेजारी वाढलास, काय झालं का?" हौद होता खरा, पण तिथे येताजाता दहा माणसांचं लक्ष असायचं. इथे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दुपारभर लेकीपाठी आई एकटी आणि तिचे गुडघे. हे अर्थात मी बोललो नाही. गुपचूप बोहरी आळीतून पितळी कडी आणली आणि बाथरूमला बाहेरून पार वर, चौकटीला टेकून लावली.

आई चार फूट दहा. आता दर बुधवारी रात्री अकराला हाक येते, "अरे ए, कडी काढ, बादल्या भरायच्यात."