पाणी घालूनच

महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. हे ठाऊक असलेले थोडे, आणि तो खिशात बाळगणारे त्याहून थोडे. कायद्याचं नाव दारूबंदी कायदा, साल 1949, आणि त्याच कायद्याच्या छत्राखाली राज्यभर परमिट रूम सुखाने चालतात. बीअर आणि वाईनसाठी वयाची अट 21, व्हिस्कीसाठी 25. परवान्याची भाषा तर मुद्दाम वाचावी अशी. अर्जदाराला आरोग्य राखण्यासाठी विदेशी मद्याची गरज आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी तो काढला, तेव्हा सरकारने माझ्या तब्येतीची इतकी आपुलकीने दखल पहिल्यांदाच घेतली. अर्थात हा विनोद काही आपला एकट्याचा नाही. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हा तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळायची.

परवाना मिळतो, पण कोणती व्हिस्की घ्यायची हे सरकार सांगत नाही. ते बाकी सगळे सांगतात.

आपल्याकडच्या वाईन शॉपची रचनाच निवड करणाऱ्यासाठी नाही. समोर काउंटर, बऱ्याच ठिकाणी त्यावर जाळी, आत मंद ट्यूबलाइटमध्ये छतापर्यंत बाटल्या, आणि बाहेर संध्याकाळची गर्दी. या गर्दीतला प्रत्येक जण घरून ठरवून आलेला असतो. नाव आणि माप, एवढंच बोलणं. क्वार्टर, हाफ, खंबा. पैसे आत, कागदात गुंडाळलेली बाटली बाहेर, पुढचा. तिथे ‘जरा ती दाखवता का?’ म्हणणारी बाई आली की सगळा कारखाना थबकतो. देवळाच्या रांगेत वृद्धांना देतात तशी वाट मला मिळाली आणि काउंटरवरच्या मुलाने अदबीने विचारलं, “गिफ्टसाठी का मॅडम?” आता मोठ्या शहरांत फिरून बघता येईल अशी दुकानं झाली आहेत, तिथे बाटली हातात घेऊन मागची बाजू वाचता येते. नवशिक्याने तिथेच जावं. हॉटेलात तर आमचं ठरलेलंच आहे. वेटर माझा ग्लास नवऱ्यासमोर ठेवतो आणि नवऱ्याचा फ्रेश लाइम सोडा माझ्यासमोर. तो गेला की आम्ही मुकाट्याने अदलाबदल करतो.

बाटलीची मागची बाजू मात्र फार बोलकी असते. भारतीय व्हिस्कीवर बहुधा 42.8 टक्के हा विचित्र आकडा दिसतो. सरळ 40 किंवा 43 का नाही? तर ही इंग्रजांच्या जुन्या ‘प्रूफ’ मोजणीची शेपूट. त्या मोजणीत शंभर प्रूफ म्हणजे सुमारे 57 टक्के मद्यार्क, आणि आपल्याकडे त्याहून 25 अंश खाली हे प्रमाण ठरलं. शंभरातून पंचवीस गेले की उरतात पंचाहत्तर प्रूफ, आणि 57 टक्क्यांचे तीन चतुर्थांश म्हणजे हा आकडा. इंग्रज गेले, इंग्लंडनेही ती मोजणी सोडली, आपण अजून धरून आहोत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या बाटलीच्या आत आहे. आपल्याकडच्या स्वस्त आणि मध्यम दराच्या बऱ्याचशा व्हिस्कीचा मुख्य भाग मळीपासून काढलेलं मद्यार्क असतो, अलीकडे धान्याचंही वापरतात, आणि त्यात थोडं माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, किंवा थोडी स्कॉच मिसळतात. मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर निघाल्यावर मागे राहते ती. मळीच्या पेयाला युरोपीय संघात व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण उसाचा वंश रमच्या जवळचा. मला यात नाक मुरडण्यासारखं काही वाटत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला तर उलट ओळख पटल्याचा आनंद व्हावा. फक्त आपण काय पितो आहोत हे कळलं की ‘व्हिस्की मला आवडत नाही’ असं म्हणण्याआधी माणूस थांबतो. कदाचित त्याने अजून व्हिस्की प्यायलेलीच नसते.

स्कॉचचं त्या मानाने सरळ आहे. स्कॉटलंडमध्येच गाळलेली, तिथेच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरलेली. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या बार्लीची. एकाच पिंपातली नव्हे, हा गैरसमज अगदी जाणत्यांतही भेटतो. ब्लेंडेड म्हणजे माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कीचं मिश्रण, आणि जगात खपणारी बहुतेक स्कॉच हीच असते. नवशिक्याला सगळे सिंगल माल्टच्या दिशेने ढकलतात. मी म्हणेन, आधी चांगल्यापैकी ब्लेंडेड घ्या. ती मिसळणाऱ्याचं कामच मुळी कोणी दचकू नये हे पाहणं. किंवा आयरिश घ्या. ती बऱ्याचदा तीनदा गाळलेली असते, त्यामुळे अंगाने हलकी.

वयाच्या आकड्याचा मात्र आपल्याकडे फार दबदबा. बाटलीवर 12 असेल तर आतली सगळ्यात कोवळी व्हिस्की बारा वर्षं पिंपात होती, इतकाच त्याचा अर्थ. काच लागली की वय थांबतं. आमच्या नात्यात एका शोकेसमध्ये मुलीच्या लग्नात मिळालेली बाटली आहे. मुलीची मुलगी आता कॉलेजात जाते आणि काका कौतुकाने सांगतात, मुरतेय. ती तिथे बसून बाराचीच राहिली आहे, हे त्यांना सांगायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

शिवाय वर्षं कुठली, यावरही असतं. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते. याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. बेंगळुरूत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे तिथे बारा वर्षं थांबलात तर पिंपात फार काही उरायचं नाही, पण उन्हाळ्यामुळे लाकूड आणि व्हिस्की यांचा व्यवहारही झपाट्याने होतो. म्हणून आपल्या माल्टवर सहसा वय छापलेलं नसतं. बेंगळुरूच्या अमृतने 2004 साली आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती थेट ग्लासगोमध्ये. नंतर त्यांनी एका बाटलीचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’ ठेवलं. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. काजूची फेणी जिथली, तिथेच बार्लीही समुद्राच्या दमट हवेत मुरते, आणि तिचा तिला काही त्रास झालेला दिसत नाही.

आता पिण्याचं. खरं तर हुंगण्याचं, कारण मला व्हिस्की कळायला लागली ती नाकातून. ग्लास तोंडाशी निमुळता असला तर वास धरून राहतो, नसला तर घरातला कुठलाही लहान ग्लास चालतो. नाक आत खुपसायचं नाही, नाहीतर मद्यार्काच्या झिणझिण्यांखेरीज काही हाती लागत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून थोडं लांबूनच हुंगायचं. मग इवलासा घोट, जिभेवर थोडा वेळ. आणि एकाच वेळी दोन वेगवेगळ्या व्हिस्की समोर असतील तर उत्तम. स्मॉलही नको (म्हणजे 30 मिलीचं माप), त्याच्या अर्धी-अर्धी. एकटी असताना जी नुसतीच ‘कडक’ वाटते, तिला शेजार मिळाला की तिचा स्वभाव कळतो. केंटकीची बर्बन निम्म्याहून जास्त मक्याची, आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरलेली. तिच्या शेजारी स्कॉच ठेवली की बर्बनमधली काकवी आणि व्हॅनिला लहान मुलालाही ओळखू येईल. (अर्थात मुलाला देऊ नये.)

याच टप्प्यावर आमचे धाकटे दीर मैदानात उतरतात. मी चमच्याने ग्लासात पाणी घालत होते.

“वहिनी, पाणी? एवढ्या चांगल्या व्हिस्कीत?”

“हो भाऊजी. वास खुलतो.”

“पाप आहे हो हे.”

भाऊजी स्वतः मात्र ग्लास काठोकाठ बर्फाने भरतात. त्या गारव्यात वास मिटून बसतो, हे पाप त्यांच्या वहीत नोंदलेलं नाही. पाण्याच्या बाजूने खरं तर भक्कम साक्षीदार आहेत. व्हिस्की मिसळणारे तज्ज्ञ तिचा वास तपासताना ती पाणी घालून साधारण 20 टक्क्यांपर्यंत उतरवतात. 2017 साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी ग्वायाकॉल नावाच्या, धुरकट वास देणाऱ्या रेणूचं वागणं संगणकावर मांडून पाहिलं. मद्यार्क फार तीव्र असेल तर हा रेणू त्यात गुरफटून खाली राहतो. पाणी वाढलं की तो पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे आपल्या नाकाकडे. हे मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, स्वीडनला कोण विचारतं, आपण स्कॉच पितोय.

धुराचा विषय निघालाच आहे तर स्कॉटलंडच्या आयला बेटाबद्दल सावध करते. तिथे बार्ली वाळवताना पीट जाळतात, दलदलीत हजारो वर्षं कुजून घट्ट झालेल्या वनस्पतींचं इंधन. लॅफ्रोएग, आर्डबेग ही त्या बेटावरची नावं. पहिल्या घोटाला टिंक्चर आयोडीन आणि दवाखान्यातली ड्रेसिंग रूम आठवते. कुणीतरी ‘खरी व्हिस्की ही’ म्हणून पहिल्याच दिवशी ती तुमच्या हातात देईल. नम्रपणे परत करावी, आणि एखाद्या वर्षाने आपणहून मागून घ्यावी. मला आता ती आवडते, विशेषतः मुसळधार पावसात, आणि का आवडते ते मला सांगता येत नाही.

चखण्याबद्दल दोनच शब्द. लसूण-तिखटातले शेंगदाणे आणि मसाला पापड यांच्यासमोर कुठलीही माल्ट हरते. मी आधी व्हिस्की संपवते, मग पापड मागवते. यावरून माझी गणना विक्षिप्तांत होते. दोन स्मॉलनंतर मी थांबते, कारण तिसऱ्यापर्यंत नाक बधिर झालेलं असतं आणि पैसे तर मी नाकासाठीच मोजलेले असतात.

बाटली घरी उभीच ठेवायची, उन्हापासून लांब. आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्काने बूच खराब होतं, वाईनचा नियम इथे लागू नाही. माझ्या कपाटात सध्या एक गोव्याची आहे आणि एक स्कॉटलंडची, बारा वर्षांची. शनिवारी भाऊजी येणार आहेत. दोन्हींतली थोडी-थोडी साध्या ग्लासांत ओतून, बाटल्या आत ठेवून, कोणती कुठली ते त्यांनाच विचारायचा बेत आहे. बर्फ देणार नाही. पाणी मात्र मागितलं तर देईन.