रात्री कुठे झोपला होतात?

पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला मी आधी विचारते, "रात्री कुठे झोपला होतात?" नातेवाईक चिडतात. नवे इंटर्न हमखास विचारतात, "मॅडम, पोटाचा नि झोपायच्या जागेचा काय संबंध?" इतक्यांदा विचारलंत, म्हणून एकदा सांगूनच टाकते.

पहिला पाऊस पडला की आमच्या कॅज्युअल्टीचा नूर पालटतो. बिळांत पाणी शिरतं, विंचू-साप बाहेर येतात. विंचवाची पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. घोणस चावली तर सूज येते, नळीत वीस मिनिटं ठेवलेलं रक्त गोठत नाही. मण्यार मात्र काहीच कळू देत नाही. जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्या जागी दुखत नाही, सुजत नाही. मग पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, श्वास उथळ होतो.

त्या जूनमध्ये पहाटे चारला आठ-नऊ वर्षांचा मुलगा आला. पोटात कळा, दोन उलट्या. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालेलं. अंगावर खूण नव्हती. मी पित्ताचं इंजेक्शन दिलं. आई म्हणाली, "डॉक्टर, ह्याचे डोळे उघडत नाहीत हो." मी म्हणाले, "रात्रभर जागलाय, झोपू दे त्याला."

साडेपाचला सिस्टरने हाक मारली, तेव्हा त्याचा श्वास उथळ झाला होता. नळी घातली, सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं, अँब्युलन्समध्ये बसून मी स्वतः अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत होते. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. जिल्ह्याला पोचलो तेव्हा नाडी लागत नव्हती. पाऊस पडूनही उकडत होतं म्हणून सगळी पडवीत जमिनीवर झोपली होती, हे आजीने नंतर सांगितलं. मी विचारलंच नव्हतं.

खूण नव्हती, साप कुणी पाहिला नव्हता, असं मी कितीदा स्वतःला समजावलं. खोटं नाही ते. पण पापण्या माझ्यासमोर मिटत होत्या, आणि आईने ते बोलूनही दाखवलं होतं. चारला ओळखलं असतं तरी व्हेंटिलेटरवाचून वाचला असता का? कधी वाटतं हो, कधी नाही.

माझ्या प्रश्नामुळे साध्या अपचनाची माणसंही दिवसभर अडकून पडतात, त्यांची मजुरी बुडते. ती तक्रार रास्त आहे. तरी मी विचारणं सोडणार नाही.

परवा पाऊस झाला. एक आजोबा पोट धरून आले. "खाटेवर झोपलो होतो," वैतागून म्हणाले. "बरं," मी म्हटलं, "आता माझ्या बोटाकडे वर बघा. तसंच बघत राहा."