पितळी टोकन: आमची वाटचाल

बेळगावच्या शहापुरात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही वेबसाइट बनवायला लागलो. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं, आणि पुढचे काही महिने आमच्याकडे तेच काम होतं: सगळ्यांचे पत्ते बदला. त्यातून ओळखी वाढल्या. उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या फाउंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने), खडेबाजारातली दुकानं, निपाणीचं एक मंगल कार्यालय. मालक मराठी बोलणारा, सुपरवायझर कन्नड, चौकशी करणारा पुण्याचा नाहीतर कोइमतूरचा. तिन्ही भाषांत नीट चालेल असा चौकशीचा फॉर्म आम्हाला तयार मिळेना, म्हणून वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरसाठी स्वतःचं प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिलं. दुसऱ्यांनाही उपयोगी पडेल म्हणून ते मोफत ठेवलं, कोडसकट.

पुढे गिऱ्हाइकं वाढली, माणसं वाढली, टिळकवाडीत मोठी जागा घेतली. ते सगळं इतर फर्मसारखंच. मला सांगायचंय ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीबद्दल.

२०२० च्या आधीची गोष्ट. त्या फाउंड्रीकडे वेबसाइटवरून येणाऱ्या चौकश्या एकाएकी बंद झाल्या. मालकांना वाटलं, मंदी आहे. नवव्या दिवशी कोल्हापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, ‘पंपाच्या कास्टिंगचा दर मागितला होता, उत्तर का देत नाही?’ आम्ही बघितलं, तर चौकश्या ज्या ईमेलवर जायच्या तो पत्ताच बदललेला. पासवर्ड जसाच्या तसा. कुणी अनोळखी माणसाने लॉगिन केल्याचं दिसेना. नोंदीप्रमाणे बदल झाला होता फाउंड्रीच्याच इंटरनेटवरून, सकाळी, ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंच्या लॉगिनने.

मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी तिथंच बसलो होतो. ‘मी तिकडं हात पण लावलेला नाही ओ,’ त्या म्हणाल्या. मी काहीच बोललो नाही, कारण माझ्या हातात त्या नोंदींचा लॉग होता आणि लॉग त्यांच्याविरुद्ध होता. ते गप्प बसणं मला आजही खुपतं.

दोन रात्री शोधल्यावर उलगडा झाला. त्या सकाळी ताईंना एक मेल आला होता: कास्टिंगचं ड्रॉइंग बघा, दर कळवा. त्यांनी लिंक उघडली. ड्रॉइंग काही दिसलं नाही, त्यांनी पान बंद केलं. पण त्या पानात एक लपवलेला फॉर्म होता. आमच्या प्लगिनच्या सेटिंगचे सगळे रकाने आधीच भरलेले, आणि पान उघडताच तो आपोआप फाउंड्रीच्या साइटकडे गेला. ताई शेजारच्या टॅबमध्ये लॉगिन होत्या. ब्राउझरचं काम असं, की ज्या साइटने कुकी (लॉगिनची ओळखचिठ्ठी) दिली तिच्याकडे विनंती निघाली की कुकी सोबत जोडायची. विनंती कुठल्या पानावरून निघाली याच्याशी त्याला तेव्हा देणंघेणं नव्हतं. आमच्या प्लगिनने कुकी बघितली, ॲडमिनची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या माणसाची, आहे म्हणालं आणि पत्ता बदलला. याला क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी म्हणतात, आमच्या धंद्यात सीएसआरएफ. रकान्यांची नावं हल्ला करणाऱ्याला कळायला काहीच अडचण नव्हती, कोड आम्हीच उघडा ठेवला होता. कुठली साइट आमचं प्लगिन वापरते हेही पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे त्यामागच्या कोडमध्ये, फोल्डरच्या नावावरून दिसतं. कोड उघडा ठेवला यात काही चुकलं असं मला वाटत नाही. चुकलं ते तपासणीत.

माझे वडील एका पतसंस्थेत कॅशियर होते. स्लिप दिली की काउंटरवरून पितळी टोकन मिळायचं, आणि पैसे टोकन बघूनच. ओळखीचा माणूस असला, सही जुळली, तरी टोकनाशिवाय वडील नोट मोजत नसत. मी हे लहानपणापासून बघत आलो आणि माझ्याच प्लगिनमध्ये फक्त ओळख बघून पैसे देत होतो. वर्डप्रेसमध्ये अशा टोकनाची सोय २००६ पासून आहे, तिला नॉन्स म्हणतात. फॉर्म दाखवताना साइट त्यात एक गुप्त किल्ली घालते, ती त्या माणसाशी, त्या कामाशी आणि त्या लॉगिनशी बांधलेली असते. परक्या पानाला ती वाचता येत नाही. फॉर्म परत आला की किल्ली जुळवायची. पण ही जुळणी प्लगिन लिहिणाऱ्याने स्वतः मागायची असते. विसरला तर वर्डप्रेस त्याला अडवत नाही. सीएसआरएफ हा वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या पहिल्या १० धोक्यांच्या २०१३ च्या यादीत आठवा होता, २०१७ च्या यादीतून निघाला, कारण बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांमध्ये) संरक्षण आधीच घातलेलं असतं. प्लगिनच्या जगात तसं गृहीत धरता येत नाही.

त्याच रात्री मी दुरुस्ती लिहिली, आणि तीही चुकीची लिहिली. किल्ली आली असेल आणि जुळली नाही तर थांबव, असं. म्हणजे किल्ली आलीच नाही तर? वाट मोकळी. खानापूरहून रोज बसने येणाऱ्या आमच्या शिकाऊ मुलीने सकाळी ते वाचलं आणि किल्लीचा रकानाच काढून फॉर्म पाठवून दाखवला. पत्ता बदलला गेला. तेव्हापासून आमच्याकडे लिहिणारा स्वतःचं काम स्वतः पास करत नाही. तिनेच पुढे प्रत्येक बटण तपासलं. चौकशी पुसायचं बटण म्हणजे नुसती लिंक होती, ती फॉर्मने जाईल असं केलं. किल्ली जुळली तरी या माणसाला हे करायचा अधिकार आहे का, ही तपासणी वेगळी लागते, तीही काही ठिकाणी राहिली होती.

मग आम्ही उद्यमबागेत गेलो आणि मालकांसमोर, सगळ्या स्टाफसमोर सांगितलं की ताईंचा काही दोष नाही, दोष आमच्या प्लगिनचा. प्लगिनच्या बदलांच्या नोंदीतही ‘किरकोळ सुधारणा’ असं न लिहिता सरळ सीएसआरएफ असं लिहिलं. गिऱ्हाइकांना मराठीत आणि कन्नडमध्ये पत्रं पाठवली. काही गिऱ्हाइकं सोडून गेली. ती फाउंड्री अजून आमच्याकडे आहे.

फेब्रुवारी २०२० पासून क्रोमने परक्या पानावरून निघालेल्या फॉर्मसोबत अशा कुकी देणं बरंचसं कमी केलं. पण साधी लिंक दाबून साइट उघडली तर कुकी अजूनही जाते, म्हणून लिंकवर पुसणारी बटणं घातकच. आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो: ॲडमिनसाठी वेगळा ब्राउझर ठेवा, काम झालं की लॉगआउट करा. ‘मला लक्षात ठेवा’ची खूण केली तर लॉगिन २ दिवसांऐवजी १४ दिवस टिकतं, ती खूण करू नका. ऑफिसच्या माणसाला ॲडमिन करू नका, त्याच्या कामापुरतेच अधिकार द्या.

सध्या एका वेगळ्याच तक्रारीवर काम चालू आहे. किल्ली जास्तीत जास्त २४ तास चालते. वडगावच्या एका साडीवाल्यांकडे पान रात्रभर उघडं राहतं, सकाळी माल भरून बटण दाबलं की ‘लिंकची मुदत संपली’ असं येतं आणि टाइप केलेलं सगळं जातं. फोन येतो, ‘काय ओ, साइट बंद पडली?’ भरलेला मजकूर जपून ठेवायचा आणि त्या वाक्याच्या जागी असं लिहायचं ठरलं आहे: ‘हे पान कालचं आहे. तुम्ही लिहिलेलं जपून ठेवलं आहे. वाचून पुन्हा एकदा बटण दाबा.’ कन्नड वाक्य ताईंनी लिहून दिलं आहे.