आत्यासाठी जागा बघताना

आज आत्यासाठी सोलापुरात विजापूर रोडकडचं एक केअर सेंटर बघून आलो. मुद्दाम संध्याकाळी गेलो. तिच्यासारख्या डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) असलेल्यांची घालमेल बऱ्याचदा दिवेलागणीलाच वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं. सकाळी अकराला काय, सगळीच ठिकाणं शांत दिसतात.

मॅनेजर टीव्ही, एसी, बाग दाखवत होते. मी विचारलं, रात्री कुणी उठून फिरायला लागलं तर? "गोळी देतो ना साहेब, झोपतात." इतकं सहज! डॉक्टरांना विचारून देता का, यावर उत्तर नाही. आतल्या खोलीत एका आजोबांचा हात ओढणीनं पलंगाला बांधलेला. तिथंच माझं ठरलं.

एक मावशी मात्र मनात भरल्या. एका आजींशी कानडीत बोलत, दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होत्या, जराही घाई नाही. आत्याचंही मराठी सुटत चाललंय, माहेरची अक्कलकोटकडची कानडीच उरलीय. तेव्हा सोलापुरात हे आधी विचारायचं, एसीचं नंतर. (मे महिन्यात एसीही लागतोच म्हणा.)

आता होटगी रोडचं एक बघणार आहे. कुणाचं माणूस अशा ठिकाणी असेल तर रात्रपाळीचा खरा अनुभव कळवा. इनबॉक्समध्ये सांगितलं तरी चालेल.