डिसेंबरच्या थंडीत घाम फुटायचा तेव्हा

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, वेचणी जोरात, आणि मी रोज रात्री दोन-अडीचला टक्क जागी. छातीतून एक वाफ निघायची, मान, कान, डोकं तापायचं आणि मग घाम, ब्लाऊज पाठीला चिकटलेला, उशी ओली. गोधडी फेकून अंगणात जायची, अनवाणी, गार सारवणावर उभी राहायची. पाच मिनिटांनी तीच मी कुडकुडत आत. मग झोप कुठली, कोंबडा आरवेपर्यंत डोक्यात सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, कापसाचा भाव.

आणि दिवसा चिडचिड. एकदा माठावर झाकण ठेवलं नाही एवढ्यावरून पोरावर इतकी ओरडले की तो जेवलाच नाही. मग कापूस भरलेल्या खोलीत जाऊन त्या गंजीत तोंड खुपसून रडले, कारण विचाराल तर सांगता आलं नसतं. मला वाटलं माझा स्वभावच बिघडला. जाऊबाई म्हणाल्या, "पाळी जायच्या येळी असंच होते वं, आमाले कोनं इचारलं होतं?" त्यांचंही खरं, पण म्हणून मी गप्प बसावं हे मला पटलं नाही.

त्याआधी एका खाजगी दवाखान्यात मला सांगितलं होतं की गर्भाची पिशवी काढून टाका, कटकटच जाईल. माझ्या पिशवीत काही दोष नव्हता. बायांनो, हे नीट ऐका, पिशवी काढल्यानं या वाफा जात नाहीत, आणि सोबत अंडाशय काढले तर उलट हा त्रास एकदम आणि जोरात सुरू होतो.

शेवटी आमच्या गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, म्हणाली, "काकू, चला माह्यासंग," आणि ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉईड पाहिलं, कारण थायरॉईड वाढला तरी असाच घाम येतो, झोप उडते. मग समजावलं. शेवटच्या पाळीनंतर पूर्ण 12 महिने पाळी आली नाही की पाळी गेली म्हणायचं, आपल्याकडे बऱ्याच बायांचं हे वय 46-47 च्या आसपास, पण त्रास त्याच्या काही वर्षं आधीपासूनच सुरू होऊ शकतो. इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन वर-खाली होतं, मेंदूत अंगाची गरमी सांभाळणारा भाग असतो तो जराशा उष्णतेनंही बिचकतो आणि घाम सोडतो. झोप तुटली की मन तुटतं, आणि या वयात उदासीचा धोका तसाही वाढतो. माझा स्वभाव नव्हता बिघडला हे ऐकून मला तिथंच रडू आलं.

मग काय केलं? सगळ्यात जास्त फरक चहानं पडला. शेतात आणि घरी मिळून सहा-सात कप व्हायचे, शेवटचा संध्याकाळी सातला, आणि चहातलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-एक तास लागतात. आता दुपारी दोननंतर चहा नाही, पहिला आठवडा डोकं फार दुखलं. नायलॉनचा गाऊन सोडून जुनी सुती साडी, उशाशी तांब्या, सुपारीएवढ्या तिखटाचा रात्रीचा ठेचा बंद. झोप कशीही झाली तरी उठायचं पाचलाच, दिवसा आडवं व्हायचं नाही. आणि झोप येत नसेल तर बाजेवर तळमळत पडायचं नाही, उठून ओट्यावर बसायचं, डोळे जड झाले की परत. मोबाईल दुसऱ्या खोलीत. दीड महिना लागला मला. उन्हाळ्यात पारा 45 ला आणि वर लाईट गेलेली, तेव्हा यातलं फारसं काही चालत नाही हेही खरं, तेव्हा ओला पंचा मानेवर.

हार्मोनच्या गोळ्यांनी वाफा कमी होतात, पण स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठी होऊन गेलेल्यांना त्या चालत नाहीत, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं तर एक दिवस थांबू नका. आणि मन फारच खचलं, जगू नये असं वाटलं, तर 14416 ला फोन करा, टेली-मानस या सरकारी मदतीचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो.

यांना मी सगळं सांगितलं. आधी लाज वाटली, पण सांगितलं. आता रात्री मी उठले की विचारतात, "वाफ आली का वं?" आणि कुलरचा पंखा माझ्याकडे वळवतात.

परवा रात्री ओट्यावर बसले होते, तर पलीकडच्या घरी लहान जाऊच्या खोलीत लाईट दिसला, अडीच वाजले होते. सकाळी तिला म्हटलं, आज वेचणीला जरा उशिरा जाऊ, आधी आशाताईकडे चल.