तुम्ही विचारलंत म्हणून : नववीतल्या मुलाला ‘शाळा’ वाचायला द्यावी का?

पालकसभा संपली की एखादी आई किंवा एखादे वडील मागे थांबतात आणि थोड्या संकोचाने विचारतात, “मॅडम, मुलगा नववीत आहे. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आत्ताच दिली तर चालेल का? नको ते विषय डोक्यात यायचे.” मी मराठी शिकवते, म्हणून हा प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतो. माझं उत्तर असं की, जरूर द्या.

ते विषय डोक्यात आलेलेच असतात. २००४ साली आलेल्या त्या कादंबरीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळातला असला, तरी वर्गातल्या शिरोडकर या मुलीला आपण कसे वाटत असू, या विचारापाशी त्याचं मन पुन्हापुन्हा येतं, आणि तुमच्या मुलालाही हा विचार चुकलेला नाही. फक्त, हे आपल्या एकट्यालाच होतं, अशी त्याची समजूत असते.

या वयात आरशासमोर उभं राहिलेलं मूल स्वतःकडे दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी पाहत असतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटात हे फार स्वच्छ दिसतं. नाक सरळ व्हावं म्हणून त्यातला शाळकरी जब्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावतो. वर्गात चित्रपट दाखवला तेव्हा या प्रसंगाला मुलं खळखळून हसली, आणि हसणं ओसरल्यावर दोघातिघांचे हात नकळत आपापल्या नाकाकडे गेलेले मी पाहिले. पुढे घरच्यांबरोबर डुकरं पकडायची वेळ येते, शाळेतली मुलं बघायला जमतात आणि आवडणाऱ्या शालूच्या नजरेस पडू नये म्हणून जब्या आडोसा शोधत राहतो, तेव्हा मात्र वर्गात कुणी हसलं नाही. नाकापासून सुरू झालेली ती लाज जातीची आणि घरच्या कामाची आहे, आणि ती त्याच्या मनात गावाने भरवली आहे, हे चौदा वर्षांच्या मुलांना मला समजावून सांगावं लागलं नाही.

प्रकाश नारायण संतांचा लंपनही याच वयाच्या उंबरठ्यावरचा. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणारा, मनातल्या खळबळीला ‘मॅड’ हा एकच शब्द पुरवून वापरणारा. ज्या मुलाला आपलं दुःख नेमकं सांगता येत नाही, त्याला मी आधी लंपनच्या कथांचं ‘वनवास’ देते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी मात्र बारावीनंतर द्यावी. घर सोडून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची घुसमट कळायला स्वतः थोडं घराबाहेर राहिलेलं बरं.

एक विनंती आहे. पुस्तक दिल्यावर “काय शिकलास?” असं विचारू नका. ‘शाळा’च्या शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. ती पानं वाचून मुलगा जेवायला आला आणि गप्प बसला, तर त्याच्या ताटात भाजी वाढा आणि त्याला गप्प बसू द्या.